चढाईचा दिवस

गुरुवार, ३ तारीख

दादा,

'तीर्थरूप' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. शाळेत पत्रलेखनात माझा एकही गुण कधी गेला नाही, तेव्हा मोठ्या भावाचा मायना मला पाठ आहे. पण तुझ्या पाया पडावं असं तू काय केलं आहेस ते आठवायला बसलो आणि पेनातली शाई वाळायची वेळ आली. म्हणून नुसतं 'दादा'. तेही सवयीने.

तेरा तारखेला तू आमच्या जहाजावर चढणार आहेस. मला हे आज सकाळी कळलं. मी जहाजावर फोटो काढतो एवढं तुला माहीत आहे. कुठल्या जहाजावर, हे तू कधी विचारलं नाहीस आणि तेच आता तुला नडणार आहे. ज्या कुटुंबांनी एकत्र फोटो सांगून ठेवलेला असतो त्यांची यादी आमच्या खात्याकडे दहा दिवस आधी येते. सहाव्या ओळीत आपलं आडनाव होतं. नऊ माणसं. तू, वहिनी, दोन्ही मुलं, तुझे सासू-सासरे, मेव्हणा आणि त्याची बायको. शेवटी आई. वय चौऱ्याहत्तर, नजर अधू, चढताना हाताला धरायला माणूस लागेल.

आईची नजर गेली हे मला छापील यादीतून कळलं, दादा. मी तो कागद हातात धरून किती वेळ उभा होतो कोणास ठाऊक. मागून कोणीतरी म्हणालं, 'प्रिंटर अडवून का उभा आहेस?'

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि मला ते पाच महिन्यांनी कळलं. कोणाकडून, ते तुला ठाऊक नसेल. आपल्या स्टुडिओच्या समोरचा घड्याळवाला सुनेबरोबर सहलीला आला होता. जहाजाच्या दारात मी कॅमेरा डोळ्याला लावून म्हणालो, 'काका, जरा हसा.' ते म्हणाले, 'बाप गेला तर घरी आला नाहीस आणि मला हसा म्हणतोस?' तो फोटो मी काढला. अजून आहे माझ्याकडे. त्यात काका रागावलेले आहेत आणि फोटो हललेला आहे.

तोपर्यंत मी समजत होतो की बाबा पुन्हा रुसले. मी महिन्याला एक पत्र टाकायचो. फोनवर ते माझ्याशी बोलायचे नाहीत, पण पत्राला कंपनीच्या पत्त्यावर दोन ओळींचं उत्तर द्यायचे. 'पत्र पोचले. तब्येतीस जप.' ते यायचं बंद झालं तर मी मनात म्हटलं, म्हातारा हट्टी आहे. आणि म्हातारा तेव्हा जगात होताच कुठे?

घड्याळवाल्याने सांगितलं त्या दिवशी मी घरी फोन केला. तू उचललास. 'आता जाग आली का? आई म्हणते, तुझं तोंड बघायचं नाही,' एवढं बोलून ठेवलास. त्यानंतर मी आईला दर महिन्याला लिहीत राहिलो. एकाही पत्राचं उत्तर नाही.

मला आईला एकच गोष्ट सांगायची आहे. मला कोणी कळवलं नाही. मी कळूनही आलो नाही असं नाही, मला कळलंच नाही. हे ऐकून तिने माझ्या थोबाडीत मारली तरी चालेल. आणि ते मला तुझ्यादेखत सांगायचं आहे, तुझ्या बायकोमुलांदेखत, तुझ्या सासऱ्यांदेखत, आणि जमलं तर त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या दोन हजार अनोळखी माणसांदेखत. तू गुपचूप केलंस ना? मी वाजवत करणार.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तू आलास की हातात देईन. तोवर अजून लिहीन. दहा दिवस आहेत आणि मला खूप दिवसांनी छान भूक लागली आहे.

तुझा धाकटा


शनिवार, १२ तारीख

दादा,

उद्या चढाई. प्रवासी जहाजावर चढतात त्या दिवसाला आम्ही आपली भाषा बोलणारे चौघेजण असंच म्हणतो. सकाळी दहा वाजता मागच्या सहलीतला शेवटचा माणूस उतरतो आणि अकराला नव्या सहलीतला पहिला चढतो. त्या एका तासात हजार खोल्यांच्या चादरी बदलतात, घसरगुंड्या पुसल्या जातात, तरणतलावातून कोणाचा तरी दात बसवलेला कवळीचा तुकडा निघतो. मग पोरं येतात. हे मुलाबाळांचं जहाज आहे, अकरा मजली तरंगतं बालोद्यान. पोरं धावत येतात, आयांचे आवाज त्यांच्या मागून येतात आणि सगळ्यात शेवटी बाप, गळ्यात नऊ जणांचे कागद अडकवून. त्या रांगेत तू असशील.

माझी जागा तुला सांगून ठेवतो. पूल ओलांडून आत आलात की डाव्या हाताला निळा पडदा आहे. पुढे जहाजाचं नाव लिहिलेलं मोठं गोल कडं. तिथे प्रत्येक कुटुंबाला थांबवून फोटो काढल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. म्हणजे तुला पळायला वाट नाही. मी टोपी डोळ्यांवर ओढून तुम्हा नऊ जणांना नीट उभं करणार, आईला मध्ये घेणार, तुला तिच्या उजवीकडे. मग टोपी काढणार.

भाषण पाठ केलं आहे. माझ्या खोलीत जहाजाच्या बँडमधला तुतारीवाला राहतो. त्याला समोर बसवून तीनदा म्हणून दाखवलं. तो म्हणाला, 'शेवट चांगला आहे, पण मध्ये फार लांबतं. मागे रांगेत पोरं असतील, त्यांना शू लागलेली असेल.' मी दोन वाक्यं कापली. 'विश्वासघात' हा शब्द काढून 'खोटारडेपणा' घातला. तो बोलायला सोपा आहे आणि लांबून ऐकू जातो.

आता तू मनात म्हणशील, हा स्वतः काय धुतल्या तांदळाचा आहे का? नाही. मागच्या पत्रात ते मी शिताफीने टाळलं. तू घरचाच आहेस, तुझ्यापासून काय लपवू? बाबांच्या स्टुडिओतला तो मागचा पडदा, जिना आणि गॅलरी आणि वेलीची फुलं काढलेला, तो मी ते दुपारी झोपलेले असताना पांढराशुभ्र रंगवून टाकला होता. मला वाटायचं, लोक हसतात त्या पडद्याला. बाबा उठले, बघत राहिले, आणि मग गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाले, 'माझ्या दुकानातून चालता हो.' मी म्हणालो, 'जातो. मेलात तरी येणार नाही.'

म्हणालो मी ते. सगळ्यांनी ऐकलं. दहा वर्षांत एक दिवस असा गेला नाही की ते वाक्य मला आठवलं नाही. पण तू त्या वाक्याचा आधार घेऊन मला बापाच्या शेवटच्या दर्शनाला मुकवलंस. रागात बोललेलं वाक्य तू जपून ठेवलंस आणि वेळ आल्यावर वापरलंस.

पडदा सोडला तर मी सगळं त्यांच्याच हाताने करतो, हे तुला सांगितलं पाहिजे. अजून 'एक, दोन' म्हणतो आणि 'अडीच'ला बटण दाबतो. बाबा म्हणायचे, 'तीनला माणूस फोटोसाठी तयार होतो. मला तयार झालेला माणूस नको.' आमची मुख्य फोटोग्राफर बाई चिडते. म्हणते, 'हे अडीच काय प्रकरण आहे?' मी तिला कधी समजावून सांगितलं नाही. आपल्या घराबाहेर हे कोणी करत नाही, आणि मला ते बाहेर द्यायचं नाही.

सामान पोचवणाऱ्या मुकादमाशी माझी चांगली ओळख आहे. त्याला तुझ्या बॅगेचा नंबर दिला आहे. ती उद्या सगळ्यात शेवटी पोचेल. बाकी आठ जण चपला घालून तलावाकाठी बसतील आणि तू बुटामोज्यात घामाघूम. हे पोरकट आहे, मला माहीत आहे. पण मला ते करताना फार बरं वाटलं.

तुझा धाकटा


रविवार, १३ तारीख, दुपारी दीड

दादा,

सगळा विचका झाला. घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

सकाळी साडेदहाला मुख्य बाई आली आणि माझ्या हातातला कॅमेरा काढून घेतला. 'आज पेंग्विन तू.' या जहाजाचा एक पेंग्विन आहे, निळा रुमाल बांधलेला. आत रोज आमच्यापैकी कोणीतरी घुसतं आणि पोरांबरोबर फोटोत उभं राहतं. रोजचा पेंग्विन पोट धरून दवाखान्यात पडला होता. मी म्हणालो, 'आज नको, बाई. आज मला कॅमेरा द्या, पुढचे दहा दिवस मी पेंग्विन होतो.' ती म्हणाली, 'उंची फक्त तुझीच बसते.' बाबांनी दिलेली उंची, दादा, अशी अंगाशी आली.

पेंग्विनचा एकच नियम आहे. आतला माणूस बोलत नाही. बोलला की लहान पोरं भोकाड पसरतात. आणि दुसरी गोष्ट मला आत गेल्यावर कळली. मुंडक्याची खिटी मागे, पाठीकडे आहे. दुसऱ्याने काढल्याशिवाय ते निघत नाही. म्हणजे दहा दिवस पाठ केलेलं भाषण घेऊन मी चोचीच्या आत बंद. टोपी काढायची होती, डोकंही काढता येईना.

तुम्ही बारा वाजून दहा मिनिटांनी आलात. चोचीतल्या जाळीतून बघत होतो. आधी तुझी पोरं. धाकटं मला ओळखत नाही, ते जन्मलं तेव्हा मी गेलेलो होतो. मिरचीला मात्र मी लगेच ओळखलं. सहा वर्षांची होती, तेव्हा तिखट बोलायची म्हणून मीच हे नाव ठेवलं होतं. आता सोळाची आहे आणि आईला तिनेच हाताला धरलं होतं. तू नव्हे. तू पुढे होतास, पांढरे बूट घालून, कपाळावर गॉगल, 'चला, चला' करत.

आईचे केस सगळे पांढरे झालेत. ती पायाने आधी चाचपते आणि मग पाऊल टाकते. दादा, मी त्या कापसाच्या आत मोठ्याने 'आई' म्हणालो. तुम्ही अजून लांब होतात, गोंगाटात कोणाला ऐकू गेलं नाही.

आमच्या खात्यातल्या नव्या मुलीने तुम्हाला उभं केलं. कॅमेरा आज तिच्याकडे होता. आईला मध्ये घेतलं, तुला उजवीकडे, आणि मला ओढून तुमच्या दोघांच्या मधोमध. म्हणजे मी आईच्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो, आणि दुसरा हात तुझ्या खांद्यावर. दहा वर्षांनी.

तेवढ्यात तुझे सासरे बोलले. ते बोलतात तेव्हा समोरच्याने छत्री उघडावी असं वाटतं, पण आज मी त्यांचा आभारी आहे. म्हणाले, 'तुमचा धाकटाही जहाजावर असतो ना हो? मग त्यालाही बोलवायचं होतं.'

तू म्हणालास, 'बोलावलं होतं. आईसाठी तरी ये म्हटलं. नाही म्हणाला. बाबांच्या वेळीही कळवलं होतं, तेव्हाही नाही आला. काय करणार? काही माणसांना माया नसतेच.' आणि तू सुस्कारा सोडलास. माझा हात तुझ्या खांद्यावर होता, तो सुस्कारा मला हातात जाणवला. इतका सराईत सुस्कारा. किती जणांसमोर सोडला असशील?

 आईने नुसते ओठ घट्ट मिटले.

मी पाय उचलला आणि तुझ्या पांढऱ्या बुटावर ठेवला. पेंग्विनचा पाय परातीएवढा असतो, आणि त्यावर मी माझं सगळं वजन दिलं.

नवी मुलगी म्हणाली, 'एक… दोन…' आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'अडीच.' ठरवून नाही, दादा. भाषणात ते नव्हतंच. तिने तीनला बटण दाबलं. पण अडीचला आईने मान वळवली होती. फोटो मी आत्ता पाहून आलो. सात जण कॅमेऱ्याकडे बघून हसतायत, तू दात विचकून कळवळतो आहेस आणि आई पेंग्विनकडे बघते आहे.

'कोण रे?' ती म्हणाली. तिने माझा पंख धरला. 'आत कोण आहे?'

तू म्हणालास, 'आई, चल. मागे रांग आहे. पेंग्विन बोलत नसतात.'

'तुझा बाप असाच मोजायचा,' ती म्हणाली. पंख सोडेना. मिरचीने तिला हळूच सोडवलं. आणि तू वाकून चोचीत बघितलंस. जाळीतून मी तुला दिसलो की नाही, मला ठाऊक नाही. पण तू कपाळावरचा गॉगल खाली ओढलास आणि जहाजाच्या आत, जिथे ऊन नाही, तिथे तो डोळ्यांवर लावून चालू लागलास.

मी तिथेच उभा. पुढच्या कुटुंबातलं एक पोर माझ्या पोटावर गुद्दे मारत होतं. 

आता मला कळत नाही काय करायचं ते. भाषणाची वेळ गेली. तुझ्या खोलीचं दार ठोठावू? तू आईला आत घेऊन कडी लावशील. थांब, मुख्य बाई हाक मारते आहे. फोटोंच्या टेबलावर कोणी आजी आल्या आहेत म्हणे, सोबत एक मुलगी. पेंग्विनला भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणतात.


रविवार, १३ तारीख, संध्याकाळी पाच

दादा,

आवाज जरा चढव. आईला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि तुझे सासरे पलीकडे खिडकीजवळ बसलेले असतील.

आधीची तीन पत्रं तू आत्ताच वाचून संपवलीस. छत्रीचं वाक्य गाळायचा प्रयत्न केलास का? केला असशील तर मिरचीने तुला अडवलं असेल. चारही पत्रांचे फोटो काढून चकचकीत कागदावर छापून मी तिच्या हातात दिले आहेत, आणि ती ओळीवर बोट ठेवून बसलेली आहे. एक शब्द बदललास तर ती सांगेल. तिला मी सांगितलेलं नाही. ती स्वतःहून म्हणाली, 'काका, मी धरते.'

मी दाराला टेकून उभा असेन. मी बोलणार नाही. आज तू बोलायचं आहेस.

टेबलावर काय झालं ते तूच सगळ्यांना वाचून दाखव.

मी माझ्याच कपड्यांत गेलो, तर आईने आधी चाचपून माझा कान शोधला आणि पिळला. सगळ्या प्रवाशांसमोर. सदतीस वर्षांच्या माणसाचा कान. मग म्हणाली, 'अकरा दिवस. अकरा दिवस तुझ्या बापाने दाराकडे बघत काढले. रोज विचारायचे, धाकटा निघाला का? थोरला सांगायचा, कळवलंय, निघालाय. आणि तू?'

मी म्हणालो, 'आई, मला कोणी कळवलं नाही.'

'खोटं बोलू नकोस. तुझं पत्र आलं होतं. ते गेल्यावर चौथ्या दिवशी. मला तेव्हाच दिसेनासं झालं होतं, थोरल्याने वाचून दाखवलं.'

'काय वाचलं?'

आईला पाठ होतं, दादा. तू रचलेलं तिला तोंडपाठ होतं. 'बाबांचं कळलं. सुट्टी मिळत नाही. मिळाली असती तरी आलो नसतो. मी म्हणालोच होतो, मेलात तरी येणार नाही.' टेबलाला धरून ती एकेक शब्द म्हणत होती.

मग तिने पिशवीत हात घातला आणि पाकीट काढलं. तेच पत्र. तीन वर्षं जपून ठेवलेलं. 'आज समुद्रात टाकायला आणलं होतं,' म्हणाली. 'म्हटलं, त्याच्या समुद्रात त्याचं पत्र टाकते आणि मोकळी होते.'

मिरचीने ते तिच्या हातातून घेतलं. म्हणाली, 'आजी, आमचे बाबा आम्हाला काकाच्या पत्रांना हात लावू द्यायचे नाहीत. घाण लिहिलेलं असतं म्हणायचे.' आणि तिने ते उघडून वाचलं. ते पत्र आपल्या बाबांना होतं. मी त्यांना विचारलं होतं, इथल्या खाऱ्या हवेने भिंगाला आतून बुरशी धरली आहे, तुम्ही कशाने पुसायचात? आणि खाली लिहिलं होतं, 'पडदा रंगवला ती माझी चूक झाली. जिना, गॅलरी, वेली, सगळं मला अजून आठवतं. सुट्टीला आलो की तुम्ही सांगाल तसा पुन्हा काढून देतो. तुम्ही फक्त खुर्चीत बसून चुका काढायच्या.'

माफी मागितली होती मी, दादा. ते गेले तेव्हा ती माफी वाटेत होती. तू ती उघडलीस, वाचलीस, आणि आईसमोर बसून त्यातून 'मेलात तरी येणार नाही' असं वाचून काढलंस. नंतर मी आईला लिहिलेली पत्रंही तू तशीच वाचलीस. आई म्हणाली, त्यांत नुसत्या बढाया असायच्या. आज हे बेट पाहिलं, उद्या ते. ती म्हणाली, 'मला वाटायचं, हा इतका कोरडा कधी झाला?' मी त्या प्रत्येक पत्रात लिहिलं होतं, आई, मला कळलं नाही गं, मला कळलं नाही.

आई रडली नाही. पत्राची घडी घालून तिने पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, 'घरात वाचणारा एकच होता ना? मग आजही तोच वाचेल, सगळ्यांसमोर. तुझ्याकडे काही लिहिलेलं आहे का?' मी म्हणालो, आहे, त्याच्यासाठीच लिहिलंय, तीन पत्रं आहेत. ती म्हणाली, 'अजून एक लिही.' म्हणून हे. माझं भाषण बघ किती बाळबोध होतं. चार माणसांत आरडाओरडा करून मी मोकळा झालो असतो आणि रात्री तू तिला पुन्हा काहीतरी वाचून दाखवलं असतंस. आईची सर मला येणार नाही.

तू हे का केलंस, याचा मी टेबलामागे बसून विचार केला. अकरा दिवस तू त्यांच्या उशाशी होतास. औषधं तू दिलीस, अंग तू पुसलंस, आणि ते विचारत राहिले माझ्याबद्दल. पडदा रंगवून पळालेल्या कार्ट्याबद्दल. तुझ्या जागी मी असतो तर माझंही डोकं फिरलं असतं. मला हे कळतं, दादा. खरंच कळतं. पण कळलं म्हणून मी तुला सोडलं असं समजू नकोस. मी तुला सोडलेलं नाही. तू मला चिडवलं असतंस, मारलं असतंस, घराबाहेर ठेवलं असतंस तरी मी विसरलो असतो. तू माझ्या बापाला दाराकडे बघत ठेवलंस.

वहिनी, तुम्हाला हे ऐकावं लागतंय याचं मला वाईट वाटतं. सासऱ्यांनाही. पण हा सुस्कारा त्याने तुमच्यासमोरच सोडला होता, म्हणून तुम्हीच इथे हवे आहात.

आता शेवटचं. तीन वर्षं तू माझ्या तोंडी तुझी वाक्यं घातलीस. मी तुझ्या तोंडी फक्त तीन घालणार आहे. खालच्या ओळी माझ्या नाहीत, तुझ्या आहेत, मी नुसत्या लिहून दिल्या आहेत. खाकरू नकोस, पाणी मागू नकोस, मिरचीकडे बघू नकोस. आईकडे तोंड कर आणि मोठ्याने वाच.

'आई, बाबा अकरा दिवस त्याला बोलवत होते. मी त्याला कळवलंच नाही. त्याचं पत्र मी खोटं वाचलं.'